बॉल आपटायचा न्हाई

आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ एका मोसमात एकही सामना हरला नव्हता आणि त्या संघाचा कप्तान मी होतो, असं सांगितलं की ऐकणारा आधी मला डोक्यापासून पायापर्यंत बघतो. त्याचं काही चुकत नाही. बास्केटबॉल खेळणारा माणूस कसा असावा याच्या लोकांच्या काही कल्पना असतात आणि मी त्यातल्या एकीतही बसत नाही. माझ्या बायकोला तर ही गोष्ट लग्नानंतर बरीच वर्षं थापच वाटत होती.

मला कप्तान केलं ते आमच्या सरांनी. कारणही त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

"मेढा बुटका हाय. रेफरीला त्याच्याशी बोलायचं तर वाकाय लागतंय. वाकल्याला मानूस लवकर इरगळतोय."

मेढा म्हणजे मी. जावळी तालुक्यातल्या मेढ्याहून साताऱ्याला शिकायला आलेलो. सरांनी आम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. "नाव आईबापानं ठिवलंय, ते घरी वापरायचं," असं म्हणायचे. मैदानावर गाव चालायचं. त्यामुळे आमच्यात एक म्हसवड होता, एक मिरज होता, एक कराड होता. कराडचे खरे तर दोघे होते. दुसऱ्याला सरांनी त्याचं आजोळ विचारलं आणि त्या क्षणापासून तो उंब्रज झाला. उंब्रजला तो बिचारा लहानपणी गोवर आला तेव्हा काय तो राहिला होता, पण कॉलेज संपेपर्यंत त्याची त्यातून सुटका झाली नाही.

सर पलटणीतून हवालदार होऊन आले होते. पलटणीतला माणूस म्हटलं की मिशा, खणखणीत आवाज आणि बुटांची टाप डोळ्यांसमोर येते. सरांना मिशा नव्हत्या, आवाज बसका होता आणि कॉलेजात ते चपला घालून यायचे. सकाळी फाटकातून येताना त्यांच्या हातात सायकल असायची. सायकलला दोन्ही बाजूंनी बॉलच्या जाळ्या, एक पाण्याची कळशी आणि भाजीची पिशवी लटकलेली असायची, पण सर सायकलवर बसलेले कोणी पाहिले नाहीत. मिरज एकदा धीर करून विचारून बसला. तेव्हा सर म्हणाले, "सायकलीवर बसून पाय आळशी हुत्यात." मग सायकल घेतली कशाला, असं मिरजनं विचारलं. सर त्याच्याकडे बघतच राहिले. "आरं, मग एवढं सामान मी काय डोस्क्यावर घेऊ?"

त्यांचा आणखी एक हट्ट होता आणि तो आम्हा पोरांना सगळ्यात आवडायचा. ते आम्हाला कधी सावधान करायचे नाहीत. दुसऱ्या कॉलेजांतले व्यायामशिक्षक पोरांना सकाळसंध्याकाळ सावधान-विश्राम करून घामाघूम करत, आणि तेही पलटणीचं तोंड न बघितलेले. आमचे सर खरे फौजी, पण आम्ही रांगेत कसेही उभे असायचो, कोणी एका पायावर, कोणी खांद्यावर कोपर टेकून. सव्वीस जानेवारीच्या संचलनाचं काम प्राचार्यांनी त्यांच्यावर सोपवलं, तर सरांनी तिथल्या तिथे हात जोडले.

"एवढं सोडून काय बी सांगा, सायेब. सारी नोकरी टाचा जुळवण्यात गेली. आता टाचा माझ्या हायत."

प्राचार्यांना राग आला, पण सरांना काढावं तर महिन्याला एवढ्याशा पगारावर दुसरा कोण मिळणार, हाही प्रश्न होता. संचलन एन.सी.सी.च्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडलं.

आमचं मैदान मुरमाचं होतं. मुरूम टाकताना कोणी चाळला नव्हता, त्यामुळे खाली खडे होते, आणि बॉल टप्पा घेऊन पुढे जाईल की आपल्याच नाकावर येईल हे सांगता यायचं नाही. रोलर फिरवून द्या म्हणून सरांनी अर्ज केले. रोलर काही आला नाही. तेव्हा सरांनी मैदान बदलायचा नाद सोडला आणि खेळच बदलला.

"आजपासनं बॉल आपटायचा न्हाई," ते म्हणाले. "जमिनीचा आन् आपला संबंध पायापुरता. बॉल हातातनं हातात."

बास्केटबॉल ज्यांनी खेळलाय त्यांना यातला वेडेपणा कळेल. बॉल आपटत पुढे नेणं हा त्या खेळाचा निम्मा जीव. आम्ही तो कापून टाकला. हातातून हातात सफाई यावी म्हणून सर आम्हाला वसतिगृहाच्या बांधकामावर घेऊन जायचे. तिथे विटांचा ट्रक आला की गवंड्याची माणसं बाजूला बसायची आणि आम्ही ओळीनं उभे राहून विटा झेलत, फेकत उतरवायचो. वीट पडली तर पायावर पडते, म्हणून कोणी पाडत नसे. मिरजच्या घरी सतारी करायचे. शिक्षणासाठी तो साताऱ्यात मामाकडे राहायचा. त्याला मात्र सर विटांना हात लावू देत नसत. "तुझी बोटं तुझ्या बाला लागनार हायत," म्हणायचे आणि त्याला झेलायला-फेकायला विटांऐवजी कलिंगडं आणायचे. गंमत अशी की सगळ्यात नेमका पास त्याचाच असायचा.

सराव चालू असताना सर मैदानाकडे पाठ करून लिंबाखाली बसायचे. टप्पा ऐकू आला की मान न वळवता विचारायचे, "कोन आपटला? मेढा का?" बहुतेक वेळा मीच असायचो.

सामन्याआधी दुसरे संघ धावायचे, उड्या मारायचे. आम्हाला सर आडवं करायचे. टॉवेल तोंडावर घेऊन, हातपाय सोडून, हाक येईपर्यंत निपचित पडायचं. इस्लामपूरला पहिल्यांदा आम्ही असे ओळीनं पडलो तेव्हा बायका थांबून बघायला लागल्या. एक आजीबाई जवळ येऊन सरांना म्हणाल्या, "काय खाल्लं हुतं वं पोरांनी?" सर म्हणाले, "आजून काय न्हाई खाल्लं, आता खात्यात बघा." त्या दिवशी आम्ही इस्लामपूरच्या संघाला खरोखरच खाल्लं. त्यांची पोरं बॉल आपटत यायची, आमचा उंब्रज मधेच हात घालायचा, आणि मग बॉल जमिनीला न लागता चार हात फिरून म्हसवडकडे जायचा. म्हसवडला उडीसुद्धा मारावी लागायची नाही. कराड गावातल्या सामन्यातही तेच झालं. पुढच्या गावांतही तेच. आमच्याबद्दल बोललं जाऊ लागलं, पेपरात दोन ओळी आल्या, आणि आम्ही सांगलीला होणाऱ्या फायनलला जाऊन पोचलो.

आता म्हसवडबद्दल सांगायला हवं, कारण त्या साली सरांचं सगळं चित्त त्याच्यात होतं.

तो माणदेशातला, मेंढपाळाचा मुलगा. ताडमाड उंच, किडकिडीत, अतिशय कमी बोलणारा. बहात्तरच्या दुष्काळात घरची निम्मी मेंढरं गेली होती. त्यातून उरलेला कळप थोरला भाऊ सांभाळायचा, आणि धाकट्याची शाळा झाली की त्यानंही मागं जायचं असं घरात ठरलेलं होतं. पण सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेत सरांनी ह्याला पाहिलं. गर्दीत सगळ्यांच्या वर एक डोकं दिसतंय म्हणून त्या डोक्याच्या रोखानं ते चालत गेले आणि त्याच्या वडलांना गाठलं. "ह्यो मला द्या. कॉलेजात शिकवतो आन् पलटनीत घालतो. आला की घेतलाच म्हनून समजा, आसलं उंच पोरगं पलटन सोडत न्हाई." वडलांनी तेवढ्या शब्दावर मुलगा पाठवला. हे सगळं मला म्हसवडनंच सांगितलं. पलटणीत गेला तर त्याचा जन्म मार्गी लागणार होता आणि नाही गेला तर मेंढरांमागं परत, इतका सरळ हिशेब होता.

सरांनी त्याच्या तयारीत काही कसर ठेवली नाही. वजन कमी होतं, म्हणून घरून दूध आणायचे आणि समोर बसवून केळी खायला घालायचे. छाती भरावी म्हणून दंड. दम वाढावा म्हणून अजिंक्यताऱ्यावर पळत जायचं आणि पळत यायचं. तो पळायला लागला की आम्हाला हसू यायचं, कारण वरचा माणूस सरळ जायचा आणि खाली गुडघे एकमेकांना भेटत जायचे. उंच माणसं अशीच पळत असतील असं आम्हाला वाटायचं. सर गडाच्या पायथ्याशी हातात घड्याळ घेऊन उभे असायचे आणि म्हसवड दिसला की त्याच्या छातीकडे बघायचे.

फायनलची तारीख आली त्याच आठवड्यात भरतीचीही आली. साताऱ्यात भरती आणि सांगलीत फायनल, एकाच दिवशी. भरती सकाळी उजाडताच, सामना दुपारी उन्हं कलल्यावर. वयाच्या हिशेबानं म्हसवडची ही शेवटची भरती होती.

म्हसवड मैदानावर सरांसमोर येऊन उभा राहिला. आम्ही सगळे तिथेच होतो.

"सर, मी सांगलीला येनार."

"कशाला?"

"फायनल हाय."

"फायनल दरसाल आस्ती. तुझं वय दरसाल एवढंच ऱ्हानार हाय का?"

"पन सर, उंच दुसरं कोन हाय आपल्यात?"

"खांब हाय की. त्याला लोंबकळतील ही." सरांचा आवाज चढला. "भरतीला जायाचं. हुकूम हाय."

दोन वर्षांत हुकूम हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला. म्हसवडनं मान खाली घातली. मग सर आमच्याकडे वळून म्हणाले, "मी बी ह्याच्यासंगं जानार. ह्यो एकटा गेला तर भ्यानं वजन घटवंल."

आम्हाला धक्काच बसला. पलटणीत असताना सरांच्या तुकडीला चषक कधी मिळाला नव्हता आणि त्याची सल ते दर दोन दिवसांनी आम्हाला ऐकवायचे. आता चषक हाताशी आला होता आणि हा माणूस केळी घेऊन भरतीच्या मैदानाबाहेर उभा राहणार होता.

"आन् सर, आमी?" मी विचारलं.

"तुमी काय? आपटू नका म्हंजी झालं."

प्राचार्य भडकले. संघाबरोबर शिक्षक हवाच म्हणून त्यांनी गणिताच्या प्राध्यापकांना आमच्याबरोबर दिलं. ते एस.टी.त कराडपर्यंत झोपले आणि कराडनंतर पुन्हा झोपले.

सांगलीचं मैदान बघून आमची मती गुंग झाली. सिमेंटचं होतं. गुळगुळीत, सपाट, खडा नाही की भेग नाही. सामन्याआधी कराडनं बॉल सहज हातातून सोडला तर तो सरळ वर आला आणि त्याच्याच हातात बसला. त्यानं पुन्हा सोडला, पुन्हा आला. मग मी सोडून बघितला. इतका शहाण्यासारखा वागणारा बॉल आम्ही जन्मात पाहिला नव्हता. आडवं पडायचं आम्ही विसरलो.

सामना सुरू झाला आणि आम्ही सगळे बॉल आपटायला लागलो. ज्याच्या हातात येईल तो आपटत पुढे पळे. आपटण्यात आम्ही कच्चे, आणि सांगलीची पोरं त्या सिमेंटवरच वाढलेली. ती आमच्या हातातला बॉल काढून घ्यायची आणि जाळीत टाकून यायची. मिरज ओरडत होता, "पास दे, पास दे," पण द्यायचं कोणाच्या मनात नव्हतं. मी रेफरीशी दोनदा बोलून आलो. तो वाकला, पण विरघळला नाही. मध्यंतराला आम्ही इतके मागे होतो की गणिताच्या प्राध्यापकांनासुद्धा आमचं काही खरं नाही हे समजलं.

माना खाली घालून बसलो होतो, तेवढ्यात उंब्रज उठून उभा राहिला. "आरं, सर! म्हसवड बी हाय!"

फाटकातून सर येत होते. अंगावर ठेवणीतला कोट, त्यावर वाटेत पकडलेल्या ट्रकमधल्या गुळाच्या गोणींचा कचरा. मागे म्हसवड. आम्ही आनंदानं वेडे झालो. मी टॉवेल हवेत फेकला. कराड तर म्हसवडच्या गळ्यातच पडला. "आलास गड्या! आता बघतो यांच्याकडं!" मीही ओरडत होतो, आणि ओरडता ओरडता माझा आवाज बंद झाला. आमच्या जावळीत घराघरातला माणूस पलटणीत आहे. भरती कशी चालते ते मला ठाऊक होतं. ज्याला घेतात त्याला संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत, डॉक्टरच्या रांगेत बसवून ठेवतात. दुपारी सांगलीत पोचलेला पोरगा सकाळीच बाहेर काढलेला असणार.

म्हसवडनं सदरा काढला. त्याच्या छातीवर भरतीचा आकडा निळ्या शाईनं लिहिलेला होता आणि घामानं पसरला होता. तो आकडा बघून कराड दोन पावलं मागे सरला.

सरांनी आमच्याकडे एकदा बघितलं. "बाहेर रस्त्यावर आवाज येत हुता टप्प्यांचा," एवढंच म्हणाले. मग म्हसवडला विचारलं, "खेळतोस? न्हाई म्हनलास तरी चालंल."

"खेळतो," म्हसवड म्हणाला.

त्यानंतर बॉल जमिनीला लागला नाही. सिमेंट होतं की मुरूम होता याचं आम्हाला भान नव्हतं. मिरज बघायचा एकीकडे आणि द्यायचा दुसरीकडे, बॉल वीट गेल्यासारखा हातातून हातात जायचा आणि शेवटी म्हसवडच्या लांब हातांत पोचायचा. तो काही न बोलता टाकत होता. त्याचा चेहरा बघायला मला भीती वाटत होती. सांगलीच्या पोरांनी तिघातिघांनी त्याला घेरलं, तर तो त्यांच्या डोक्यांवरून बॉल घेऊन त्यांच्या डोक्यांवरूनच टाकायचा. शिट्टी वाजली तेव्हा आम्ही एका बास्केटनं पुढे होतो.

लोक मैदानात घुसले. सांगलीचे प्रेक्षक मोठ्या मनाचे, त्यांनीच म्हसवडला खांद्यावर घेतला. तो वर बसून ढसाढसा रडत होता आणि खालचे लोक टाळ्या वाजवत होते. "पोरगं आनंदानं रडतंय," असं कोणीतरी म्हणालं.

सर गर्दीतून आत शिरले. "उतरवा त्याला," म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच त्याला कमरेला धरून खाली घेतला आणि आपला कोट त्याच्या अंगावर घातला. चषक मी घेतला. सरांनी त्याला हातही लावला नाही.

परतीच्या एस.टी.त सर माझ्याशेजारी बसले होते. म्हसवड पुढच्या बाकावर कोट पांघरून झोपला होता, किंवा झोपल्यासारखा बसला होता.

"गुडघं," सर म्हणाले. "रांगेत उभं केलं, सावधान म्हनलं. टाचा जुळायच्या आधी ह्याचं गुडघंच एकमेकाला लागलं. सायबानं छडी लावली आन् बाहेर काढला. वजन न्हाई बघितलं, छाती न्हाई बघितली. मी एकदा जरी सावधान केलं आसतं तुमास्नी, तर पैल्या दिवशी दिसलं आसतं. त्याच्या बाला आशा तरी लावली नसती. मला कट्टाळा आला हुता टाचांचा, म्हनून पोराचं वाटुळं झालं."

सर, असं नाही, असं काहीतरी मी बोललो असेन. त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हसवड वसतिगृह सोडून गेला. पिशवी घेऊन गेला, म्हणजे परत येणार नव्हता. चार दिवसांनी प्राचार्यांनी विजयाचा मोठा समारंभ ठेवला. त्या दिवशी सकाळी सर माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "मेढा, चल. म्हसवडला जायाचंय. मी एकटा गेलो तर वाटंतनं म्हागारी फिरीन." आम्ही एस.टी. धरली. समारंभ आमच्याशिवाय झाला.

गावाबाहेर त्यांचं घर होतं. थोरला भाऊ कळप घेऊन गेला होता, त्यामुळे मेंढरांचं वाडगं रिकामं होतं. वडील अंगणात घोंगडीवर बसले होते, म्हसवड दाराच्या चौकटीला टेकून उभा. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि परत तिथेच जाऊन उभा राहिला. चहा आला. सरांनी कपाला हात लावला नाही.

"मी तुमाला जत्रंत शबूद दिला हुता," ते म्हणाले. "त्यो मोडला. पोराची कायबी चूक न्हाई, चूक माझी हाय. ह्यो दोन वर्सं माझ्याम्होरं हुता आन् मला त्याचं गुडघं दिसलं न्हाईत."

"ह्यो कायबी सांगंना झालाय. कसलं गुडघं?"

सरांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हातारा उठला, धोतर वर खोचलं आणि आमच्यासमोर उभा राहिला.

"आसलं व्हय?"

त्याचे गुडघे एकमेकांना चिकटलेले होते. पोराच्या गुडघ्यांचं मूळ आमच्यासमोर होतं.

"ह्याच गुडघ्यांनी मेंढरं कोकनात उतरवली मास्तर, आन् वर आनली. दरसाल. घाटात मानसं घसारली, मी न्हाई घसारलो."

"व्हय," सर म्हणाले. "पन पलटनीला चालत न्हाईत."

"न्हाई चालत तर ऱ्हायलं." म्हातारा खाली बसला. "कॉलेज बंद झालंय का तुमचं?"

"न्हाई. सुरू हाय की."

"मग ह्यो घरात का बसलाय?"

सर म्हणाले, "आवं, पलटनीसाठी म्हनून ठिवला हुता न्हवं माझ्याकडं. ते तर जमलं न्हाई."

"मेंढरांला त्याचा भाऊ हाय," म्हातारा म्हणाला. मग त्यानं सरांकडे नीट वळून बघितलं. "पलटनीनं न्हाई घेतला, म्हंजी तुमी बी घ्यायचा न्हाई व्हय?"

सरांनी कप उचलला आणि तो गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. मी दाराकडे बघितलं तर म्हसवड तिथे नव्हता. तो आत गेला होता, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्याला पिशवी होती.